चीनच्या पुलाचा कागद

माझ्या सासऱ्यांना कागद दिसला की भिंग आठवायचं. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात ते छपाई तपासायचे. घरी आलेल्या पत्रावरचं तिकीटसुद्धा आधी तपासायचे, मग पत्र! डोळे शिणलेले असायचे, म्हणून संध्याकाळी वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायची.

शेजारी एक मुसलमान विधवा राहायची. आम्ही तिला चाची म्हणायचो. तिचा नवरा पुलांचे रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकणारा मिस्त्री. इगतपुरी घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या साहेबाबरोबर चीनला गेला, तिथल्या रेल्वेच्या पुलावर राबला आणि कमाईतून त्याच रेल्वेचा एक बाँड, म्हणजे व्याज देणारा कर्जरोखा, घेऊन परतला. तो वारल्यावर दीर म्हणायला लागले, कसला पूल नि कसलं काय, पैसे उधळले आणि बायकोला गंडवायला खोटा कागद आणला. हे तिला फार लागलं होतं.

एका रविवारी ती कागद ओढणीत गुंडाळून आली. "भाऊ, दलाल म्हणतो, खरा-खोटा ठाव नाय, तरी पन्नास रुपये देतो. पैशाचं जाऊ द्या. माझा माणूस खोटारडा होता का, तेवढं सांगा."

मामंजींनी कागद खिडकीशी नेला. काय देखणा होता तो! वर पुलावरून जाणारी आगगाडी, कडेला नाजूक वेलबुट्टी, खाली व्याजाची कुपनं. त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंग फिरवलं. मग भिंग ठेवून म्हणाले, "अस्सल! ही रेघ कोरणाऱ्याला नमस्कार करावा. चाची, पन्नासात मुळीच देऊ नका."

छापखान्यातल्या माणसाची ही खोड. छपाई खरी तर पैसा खरा! ती रेल्वे चालली तरच व्याज मिळणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे जपान चीनवर चालून गेला. व्याज बुडालं, दलाल तो कागद फुकटही घेईना. चाची कपडे शिवून पोट भरायची; पन्नासात जुनी शिलाई मशीन आली असती. ती हातानेच शिवत राहिली. मामंजी तिला तोंड दाखवेनात आणि घरात चिडचिड मात्र माझ्यावर!

एका संध्याकाळी बातमी वाचताना मी अडखळले. चाची ज्या नदीचं नाव नेहमी सांगायची, तिच्यावरचा रेल्वेचा पूल माघार घेताना चिनी सैन्यानेच उडवून दिला होता. मामंजी उठले. "चल सूनबाई, हे मीच सांगायला हवं."

चाची दारात शिवत बसली होती. मामंजींनी बातमी सांगितली आणि हात जोडले. "माझं चुकलं. मी नुसती छपाई पाहिली. पन्नास रुपये मी देतो."

चाचीने सुई कापडात खोवली. "उडवायला सुरुंगाची दारू लय लागली असंल?"

"लागलीच असणार."

"आन् दुश्मन अडला?"

"अडला. काही दिवस तरी."

ती हसली, अगदी मोकळं. डोळे मात्र भरले होते. "मग पैसे कसले देता, भाऊ? सूनबाईला पाठवा. 'कसला पूल' म्हणणाऱ्या माझ्या दिरांना ही बातमी वाचून दाखवू द्या."

मी गेले, आणि चांगली ठणकावून दोनदा वाचली.