हिराताईंनी शिकवलेल्या बायका

हिराताई गेल्या असा मेसेज आला आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता तरी बायका माझ्याकडे येतील.

शी म्हणा. म्हणायलाच हवं.

पण पनवेलमध्ये माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांचं होतं. इतकी वर्षं मी काय काय बघितलंय ते माझं मला माहीत.

माझ्याकडे दोन नव्या गाड्या. एसी. ऑनलाइन बुकिंग. भिंतीवर ट्रॅफिकच्या चिन्हांचे चार्ट.

त्यांच्याकडे एक जुनी गाडी, दोन्ही बाजूंनी चेपलेली. आत कायम सुक्या बोंबलांचा वास, कारण ताईंचं माहेर करंजाच्या कोळीवाड्यातलं आणि भावाची मासेमारीची होडी. शिकणाऱ्या बायकांना त्या थेट बंदरावर घेऊन जायच्या. मासळीच्या लिलावाच्या गर्दीतून गाडी काढायला लावायच्या. येताना डिकीत मासळी.

याला काय शिकवणं म्हणतात?

तरी वेटिंग त्यांच्याकडेच. माझ्याकडे कॉलेजची मुलं, ज्यांना स्टेअरिंग हातात आलं की आधी रील काढायचं असतं.

बरं, हे सगळं धंद्यातलं. ते मी गिळलं असतं.

माझी बायको वैशाली. तिला मी स्वतः शिकवायला घेतलं होतं. द्रोणागिरीच्या रुंद रस्त्यावर, रविवारी, कंटेनरचे ट्रेलर कमी असतात म्हणून. काही रविवार गेले. मग एकदा तिने गाडी कडेला घेतली, खाली उतरली आणि म्हणाली, "तूच चालव. मला नाही जमायचं."

मी म्हटलं ठीक आहे, सगळ्यांनाच जमतं असं नाही.

पुढे काही महिन्यांनी मी ऑफिसबाहेर चहा पीत उभा होतो आणि ती चेपलेली गाडी समोरून गेली.

चालवत होती वैशाली.

शेजारी हिराताई, खिडकीबाहेर हात टाकून बसलेल्या. दोघी कशावर तरी हसत होत्या.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची बायको, समोरच्यांच्या एल बोर्डखाली. टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. चहावाल्याने तर गॅस बारीक करून बघितलं.

घरी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू ब्रेक दाबतोस," ती म्हणाली. "मी दाबायच्या आधी."

शिकवायच्या गाडीत आमच्या पायाखालीही ब्रेक असतो आणि तो दाबण्यासाठीच असतो, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने भाजी ढवळत ढवळत ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून मी हिराताईंवर खरा जळायला लागलो.

त्या आजारी पडल्या तेव्हा आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. वैशाली त्यांचे पाय दाबत बसली. माझ्या आईचे पाय तिने असे कधी दाबल्याचं मला आठवत नाही. बरं वाटतंय का वगैरे विचारून झालं आणि मग मला राहवलं नाही.

"ताई, एकदा सांगून टाका. तुमच्याकडे असं आहे तरी काय?"

त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

"माजी गाडी बघितलीस ना? आधीच ठोकलेली हाय. बाय बसली का तिला कलतं, आपल्या हातून आता आजून काय वाईट व्हायचं नाय. तुजी गाडी नवीन. तुजा सगला जीव बंपरमदी. शिकणारीला ते कलत नाय व्हय?"

"मग मीपण ठोकून आणू गाडी?"

"आण. पन पयला तोंड बंद ठेवायला शिक."

यावर वैशाली जी हसली. माझ्या कुठल्याही विनोदावर ती इतकी हसलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाईचाही हेवा वाटू शकतो, हे मला तिथे कळलं.

पण खोटं कशाला बोलू, मी करून बघितलं. एका पोराने माझी नवी गाडी सोसायटीच्या गेटला घासली. मी तोंड मिटून बसलो. पोरगा दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. एरवी असे परत येत नाहीत.

आज ताईंचं दहावं झालं.

घाटाबाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि बहुतेक गाड्यांतून ड्रायव्हरच्या बाजूने बायका उतरत होत्या. एक साठीची आजी, पदर खोचलेला, इतक्याशा जागेत एका दमात रिव्हर्स घेऊन मोकळी झाली. मी तिथे उभा राहून विचार करत होतो, माझ्या दहाव्याला कोण येईल. आणि जे येतील ते गाड्या कुठेही लावतील.

विधी संपल्यावर ताईंची मुलगी पूनम आमच्याजवळ आली. ती नोकरीला पुण्यात, तिला काही स्कूल चालवता येणार नाही. शिकणं अर्धवट राहिलेल्या बायकांना आता कुठेतरी पाठवावं लागणारच होतं. मी चेहरा जमेल तितका गंभीर ठेवला.

"पूनम, काळजी करू नकोस. सगळ्यांचं मी पूर्ण करून देतो."

ती अवघडली. वैशालीकडे बघून म्हणाली, "काका, आईने काकींना विचारून ठेवलंय."

"मी हो म्हटलंय त्यांना," वैशाली म्हणाली. "हॉस्पिटलमध्येच. स्कूल मी चालवणार आहे. कागदपत्रांचं काम सुरू केलंय."

मी तोंड बंद ठेवलं. जमलं.

येताना गाडी वैशालीच चालवत होती. बोर्ड कुठल्या रंगाचा करायचा, सकाळची बॅच किती वाजता घ्यायची, बोलणं थांबतच नव्हतं. मी शेजारी बसून ऐकत होतो. मध्येच तिने माझ्याकडे बघून विचारलं, "चालेल ना तुला?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलायला लागली.

हिराताई, लग्न झाल्यापासून मी तिला इतकी खूश क्वचितच बघितलीय. हे तिला मी द्यायचं होतं. तुम्ही देऊन गेलात.

माझी जळजळ जायला वेळ लागेल.

तुम्ही सुखाने जा, ताई.