फॉर्ममागे पाच रुपये

परवा फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात. घरबसल्या सर्व्हेची उत्तरं द्या आणि पैसे कमवा, अशी जाहिरात पाहून तुम्ही तासभर मोबाइलवर बोटं चालवलीत आणि हाती एका कॉफीचेही पैसे लागले नाहीत. मला हसू आलं. तुमची आजी हेच काम करत होती, फक्त प्रश्न विचारणाऱ्या बाजूने आणि चपला झिजवून. म्हणून मिळकतीचा खरा हिशोब तुम्हाला लिहून पाठवते आहे.

तुमची आई तेव्हा प्राथमिक शाळेत होती. आम्ही जळगावात राहत होतो. पुण्याच्या एका संस्थेला चहा, साबण, दंतमंजन असल्या गोष्टींची घरोघरी चौकशी करायला बायका हव्या होत्या. फॉर्म इंग्रजीत असायचे, प्रश्न मराठीत विचारायचे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे निवड लगेच झाली. भरलेल्या फॉर्ममागे पाच रुपये. एस.टी.चं भाडं आपलं आपण करायचं, म्हणजे हातात साडेतीनच उरायचे.

घरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई लाटणं थांबवून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात काय आहे ते विचारायचे पैसे देतात? आम्ही जन्मभर फुकट विचारत आलो की गं!"

पण त्या पैशांवर डोळा त्यांचाही होता. माझी नणंद नाशिकला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. नणंदेला पहिलं बाळ सासरीच झालेलं आणि तिने कळवलं होतं की जळगावच्या उन्हात एवढ्याशा जिवाला आणायची हिंमत होत नाही. सासूबाईंनी नातू अजून पाहिला नव्हता. आखाजीच्या सांजोऱ्यांचा रवा आणायचंही त्यांनी त्या वर्षी कुणाला सांगितलं नाही. मग मी एका दुकानात पत्र्याच्या कूलरचा बयाणा दिला आणि नणंदेला कळवलं की कूलर येतोय, तूही ये.

हिवाळाभर मी धुळ्यात आणि जळगावात चहाचे फॉर्म भरले होते. आखाजी आठवड्यावर आली तेव्हा कूलरला सव्वाशेच रुपये कमी पडत होते आणि हातात शेवटचं काम होतं. अमळनेरजवळच्या एका गावातली पंचवीस घरं. विषय अंगाला लावायचा साबण.

ते काम इतकं सुरेख झालं की विचारू नका. एकच लांब गल्ली, घराला घर लागून. पहिल्याच घरच्या अक्का म्हणाल्या, "बठा ताई, च्या पिवाशिवाय जावानं नही." कपबशीतून चहा आला. मी फॉर्मप्रमाणे विचारलं, "घरात अंगाचा साबण कोणता आहे?" पुढची सूचना होती, साबण प्रत्यक्ष पाहावा. अक्का मागच्या अंगणात गेल्या आणि गुलाबी कागदातला महागडा सुवासिक साबण घेऊन आल्या. मी लिहिलं. दुसऱ्या घरी तोच साबण, तिसऱ्याही घरी तोच. मला वाटलं, यंदा कापसाला भाव बरा मिळालेला दिसतोय. दोन दिवसांत पंचवीस कपबश्या चहा पिऊन मी फॉर्म घेऊन धुळ्याला गेले. पुण्याचे साहेब तिथे मुक्कामाला असत आणि फॉर्म तपासून रोख पैसे देत.

साहेबांनी गठ्ठा चाळला, चष्मा काढला. "बाई, पंचवीस घरांत एकच साबण? हे घरी बसून भरलेत."

"साहेब, मी प्रत्येक घरात गेले. साबण डोळ्यांनी पाहिला."

"मग मलाही दाखवा. उद्या येतो तुमच्याबरोबर. खोटं निघालं तर एक पैसा मिळणार नाही."

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंनी एव्हाना रवा आणून चाळायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही गावात उतरलो. अक्कांनी साहेबांना पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. चहा आला, साबण आला. साहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कागदाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा होता. दुसऱ्या घरी साबण आला. ठसा तिथेच. तिसऱ्या घरी यायला जरा वेळ लागला, म्हणून साहेब उठले आणि सरळ मागच्या अंगणात गेले. त्यांच्यामागे मीही धावले. शेजारची सून कमरेइतक्या भिंतीवरून हात लांबवून साबण देत होती. साहेबांना पाहून तिने हात मागे घेतला आणि साबण पडला तो थेट म्हशीच्या पाण्याच्या डोणीत.

मग म्हशीने पाणी हुंगून जोरात फुर्र केलं आणि सगळं अंगण हसायला लागलं.

आमच्या मागोमाग आलेल्या अक्का पुढे झाल्या. "हसतस काय? पाहुना उना म्हंजे साबन काढनाच पडस. आम्हना बठ्ठा गल्लीना एकच शे, वर्गनी करीसन लेयेल. जवाई येवो नहीतं साहेब येवो. तुम्हना पुनामा नही काढतस का?"

सगळ्या गल्लीने वर्गणी काढून पाहुण्यांसाठी तो एकच साबण घेतलेला! साहेब हसता हसता डोळे पुसत होते. "अहो, पण रोज काय वापरता ते विचारलं होतं ना बाईंनी!"

"रोजना साबन इचाराच नही त्यास्नी. घरमा कोनता शे, आसं इचारं. तवय घरमा तोच व्हता!"

आणि ते अगदी खरं होतं. मी छापील इंग्रजी प्रश्न शब्दाला शब्द लावून विचारला होता. गल्लीनेही नेमकं उत्तर दिलं होतं.

साहेब परतीच्या वाटेवर म्हणाले, "तुम्ही घरोघर गेलात याबद्दल आता शंका नाही. पण हे फॉर्म मी पुण्याला पाठवले तर लोक मला हसतील. पुन्हा भरा. पैसे तेवढेच." म्हणजे काम दुप्पट आणि दर निम्मा.

मी पुन्हा गेले. यावेळी विचारलं, "आज आंघोळ कशाने केलीत?" कुठे तांबडा साबण निघाला, कुठे कपड्यांच्या वडीचा तुकडा, कुठे नुसता दगड. अक्कांनी तर कबूलच करून टाकलं, "आज आंघोळच नही करी, लिवी टाका!" या खेपेला कपबशी कुणीच काढली नाही. चुलीजवळ बसवून हातावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दिली, वर ठेचा. मी चेष्टेने म्हटलं, "काय अक्का, आज चहासुद्धा नाही?"

"च्या पाहुनास्ले. तू आते कसानी पाहुनी?"

निघताना पिशवीत भरताची वांगी पडली ती वेगळीच. त्यांना फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

साहेबांनी या वेळी सव्वाशे रुपये मोजून दिले. दोनदा गेलेलं एस.टी.चं भाडं, साहेबांसोबतची फेरी आणि धुळ्याच्या चकरा वजा केल्या तर त्या कामात मला फॉर्ममागे रुपयासुद्धा सुटला नाही. भाड्याची तूट तुमच्या आजोबांनी न विचारता भरून काढली. म्हणून बाळांनो, सर्व्हेवर कुणी श्रीमंत होत नाही हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते. पण कूलर आला. तो मोटारीसारखा आवाज करायचा आणि शेजारची माणसंही त्याच्यापुढे येऊन बसायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी नणंद रिक्षातून उतरली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी बाळ घेतलं. कूलरपुढे त्याला ठेवलं तेव्हा त्याने वाऱ्याला घाबरून हात वर केले आणि मग हसला. तोच तुमचा मामा, ज्याला आता एसीशिवाय झोप येत नाही.

संध्याकाळी त्याची आंघोळ निघाली. साबणाची गोष्ट तोवर घरात सगळ्यांना पाठ झाली होती. सासूबाई उठल्या, ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या घडीतून गुलाबी कागदातला सुवासिक साबण काढला. कधीचा ठेवला होता कोण जाणे.

नणंद लटकं रागावली. "आई, मी काय पाहुणी आहे का, साबण काढायला?"

"तुला कुठे देतेय?" सासूबाई कागद सोडवत म्हणाल्या. "तू धू तोंड तांबड्या साबणाने. पाहुणा हा आहे. पहिल्यांदा आलाय माझ्या घरी."