काटोलच्या भाऊजींची बकरी

१२ डिसेंबर, शुक्रवार. वर्षभराच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या निवडायला बसले. रामदासपेठेतल्या ज्या कायद्याच्या ग्रंथालयात मी नोकरी करते, तिथे दर शनिवारी दुपारी तीन वाजता सर्वसामान्य लोकांसाठी कायद्याचा मोफत वर्ग असतो. एक वकील मॅडम शिकवतात. लोक आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात, आणि डिसेंबरात त्या सगळ्या चिठ्ठ्यांचे विषयवार गठ्ठे करून अहवाल देण्याचं काम माझ्याकडे असतं. भाडेकरूंचा एक गठ्ठा झाला, मृत्युपत्रांचा एक, फसलेल्या ग्राहकांचा एक. चौथा गठ्ठा विषयाचा नव्हताच. तो एका माणसाचा होता. जांभळी शाई, मोत्यासारखं अक्षर, आणि प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात ‘समजा, एका माणसाने’.

कायदा फुकट शिकवला तर माणसाचं काय होतं हे ज्यांना पाहायचं असेल, त्यांनी आमच्या काटोलच्या भाऊजींना भेटावं. कायदा इतका शिकलेला आणि इतका न कळलेला माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल. नात्याने ते माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ. वय चौसष्ट, संत्र्याचा थोडा बगीचा, काटोलला वडिलोपार्जित घर, बायको गेलेली, मुलगा पुण्यात. दोन वर्षांपूर्वी वर्गाची जाहिरात मीच त्यांना बोलता बोलता सांगितली. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेण्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. तेव्हापासून एकही शनिवार त्यांनी चुकवलेला नाही. वर्ग तीनला असतो, पण भाऊजी सकाळी नऊच्या बसने नागपुरात उतरतात. उशीर झाला तर ‘हजर नसताना निकाल लागते’ असं त्यांचं म्हणणं. वर्गात कसला निकाल लागतो, हे विचारण्यात अर्थ नाही. मधल्या वेळात ते धरमपेठेत त्यांच्या मोठ्या बहिणीकडे जातात, आणि दीड वाजता अकरा फायलींची पिशवी घेऊन ग्रंथालयात हजर होतात. पहिल्या रांगेतली पंख्याखालची खुर्ची त्यांची. कुणी तिच्यावर बसलं, तर ते उठवत नाहीत. शेजारी उभं राहून वहिवाटीच्या हक्कावर बोलत राहतात. बसलेला आपणहून उठतो.

जो वर्ग होईल तो भाऊजींच्या अंगात येतो. ग्राहक हक्कांचा वर्ग झाला, त्या दिवशी ग्रंथालयासमोरच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर त्यांनी एका प्लेटचं पक्कं बिल मागितलं. गाडीवाला म्हणाला, “काका, पोहे खाओ ना, बिल कायको मांगते?” भाऊजींनी त्याला वीस मिनिटं समजावलं. शेवटी त्याने रद्दीच्या कागदावर ‘पोहे एक, तर्री जास्त’ असं लिहून दिलं आणि तो कागद आजही त्यांच्या तिसऱ्या फायलीत आहे. पंचनाम्याचा वर्ग झाल्यावर ते आमच्याकडे जेवायला आले होते. माझ्या हातून मिक्सरचं भांडं फुटलं. मी केरसुणी आणेपर्यंत भाऊजींनी माझ्या नवऱ्याला आणि खालच्या चौकीदाराला पंच म्हणून उभं केलं होतं. चटणी ओट्यावर, भांड्याचं तोंड उत्तरेला, झाकण जागेवर नाही, असं सगळं त्यांनी लिहून घेतलं. सह्या होईपर्यंत मला फरशी पुसू दिली नाही. चौकीदाराने तर अंगठ्यालाही चटणी लावून घेतली. अटक झाल्यास आपले हक्क काय, या वर्गानंतरचा प्रसंग खुद्द काटोलचा. रस्त्यात एका हवालदाराने त्यांच्या स्कूटरला हात दाखवला. भाऊजींनी स्कूटर बाजूला घेतली, हात जोडून ‘अटकेचं कारण लेखी द्या, अन् माह्या पोराले कळवा’ असं सांगितलं. त्या बिचाऱ्याला पुढच्या चौकापर्यंत सोडून हवं होतं. तो चालत गेला.

या सगळ्याला मी हसते, पण ते दुसऱ्यांच्या घरी घडलं तर. शनिवारी ते माझ्या कामात घडतं. आमच्या वर्गाचा एक नियम आहे आणि दर वेळी सुरुवातीला तो मीच मोठ्याने वाचून दाखवते. इथे कायद्याची माहिती मिळेल, सल्ला मिळणार नाही. कुणीही स्वतःचं प्रकरण विचारू नये. नियम चांगला आहे. तो नसता तर पहिल्याच माणसाने भावकीचा सातबारा उलगडला असता आणि आम्ही संध्याकाळपर्यंत त्याच्या बांधावरच बसलो असतो. बाकी लोक नियम ऐकतात आणि वळसा घालून आपलंच विचारतात. भाऊजींनी तो गीतेसारखा मनावर घेतला.

पहिल्याच महिन्यात त्यांनी उभं राहून विचारलं होतं, “समजा, एका माणसानं शेजारणीची बकरी सणाच्या दिवशी गोड बोलून मागून घेतली. तिनं खुशीनं देली. आता त्याले वापस कराची हाये. त कायदा काय म्हणते?”

मॅडम म्हणाल्या, “परत करावी. कायदा कशाला मध्ये येईल?”

“पण तीस वर्षं होऊन गेले असन त?”

“काका, बकरी तीस वर्षं जगत नाही.”

वर्ग पोट धरून हसला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मॅडमचं उत्तर वहीत उतरवलं, खाली रेघ मारली आणि बसले. पुढच्या शनिवारी बकरीची विहीर झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी शिलाई मशीन. मग मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की भाऊजी, तोंडी प्रश्न आता पुरे, चिठ्ठी टाकत जा. पेटीतल्या पाच चिठ्ठ्या मी मॅडमच्या हातात देते. त्या पाचांत भाऊजींची चिठ्ठी कधी नसायची. जांभळी शाई दिसली की मी ती तळाशी सारायची. लोक खरे प्रश्न घेऊन लांबून येतात, त्यात ही बकरी कुठे घालू? मी स्वतःच्या या हुशारीवर खूश होते.

याच काळात घरात दुसरी एक चिंता चालू होती. भाऊजींची मोठी बहीण, ताई, धरमपेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, विद्यार्थ्यांना डबे देऊन तिने आयुष्य काढलं. आता अडुसष्टाव्या वर्षी घरमालकाला जुनं घर पाडायचं आहे आणि त्याने संक्रांतीपर्यंत खोल्या मोकळ्या करायला सांगितल्या आहेत. आम्ही सगळे तिच्यासाठी जागा शोधत होतो. भाऊजी मात्र वर्गाला येत होते. दिवाळीत मी त्यांना स्पष्ट बोलले, की बहीण रस्त्यावर यायची वेळ आली आणि तुम्ही लोकांच्या बकऱ्या काय वळताय? ते म्हणाले, “त्याच कामात लागून राहिलो वहिनी.” मी कपाळाला हात लावला.

गेल्या डिसेंबरात भाऊजींच्या चिठ्ठ्या मी न वाचताच ‘इतर’मध्ये ढकलल्या होत्या. तर त्या शुक्रवारी दोन्ही वर्षांच्या चिठ्ठ्या एकापुढे एक लावल्या, कारण या वेळी अहवालात त्यांना काहीतरी विषय द्यायलाच हवा होता. बकरी, विहीर, मशीन, पितळेचा हंडा, एकदा तर बैलगाडीचं चाक. पण वस्तू बदलली तरी बाकीचं हलत नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीत बाई माणसापेक्षा चार वर्षांनी मोठी. प्रत्येक चिठ्ठीत भाऊबीज. प्रत्येक चिठ्ठीत एक सही, आणि सहीनंतर मोरपंखी साडी. बकरीसाठी सही कोण घेतं?

आमच्याकडे रीत आहे. वडील गेले की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, म्हणजे बापाच्या घराजमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देतात, आणि भाऊ साडीचोळी करतो. सगळ्याच जणी करतात. मीही माझ्या भावांना करून दिली आहे आणि त्याचा विचार करत बसायला मला सवड मिळालेली नाही. ताईने केली ती भाऊबीजेला, हे मला लग्नापासून माहीत होतं. मोरपंखी साडी मी तिच्या अंगावर पाहिली होती. दोन वर्षं माझ्याच पेटीत तिचं घर पडून होतं आणि मी ते तळाशी सारत होते.

मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, “भाऊजी, ती बकरी म्हणजे ताईंचा काटोलच्या घरातला वाटा ना?”

ते म्हणाले, “नियम होता ना वहिनी. सोताचं विचाराचं नाई. तुमीच वाचून दाखोता.”

‘मग घरी येऊन का विचारलं नाही?’ असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. घरी ते विचारायला आले असते, तर मी त्यांना मिक्सरचं भांडं दाखवून हसत परत पाठवलं असतं. मग तेच सांगू लागले. मुलाला विचारलं, तो ‘तुम्हाले पटन ते करा’ म्हणाला. कागदपत्रं लिहून देणारा गावातला एक अर्जनवीस म्हणाला, बक्षीसपत्र करून द्या, सोपं आहे. पण ते त्यांना नको होतं. “तिचंच हाये अन् मी देणारा म्हणून सही करू? तीस वर्षं तिच्या घरात राहून आता दानशूर होऊ काय? मले ती जुनी सही पुसाची हाये.” ती कशी पुसायची, एवढंच ते दोन वर्षं शोधत होते. आणि ताईला? ताईला एक शब्द सांगितला नव्हता. ‘काय तोंडानं सांगू,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मॅडमना फोन केला आणि एकही ‘समजा’ न लावता नावगावासकट सगळं सांगितलं. त्या मुलीचा डबा भरत होत्या. म्हणाल्या, जुनी सही आता पुसता येणार नाही. बक्षीसपत्रच करावं लागेल आणि ताईंनी ते स्वीकारलं पाहिजे. पण वाटा का देतो आहे ते कागदाच्या सुरुवातीला हवं तसं लिहिता येतं, तिथे त्यांना खरं काय ते लिहू द्या. नमुना त्या स्वतः पाहून देणार होत्या. सगळं बोलणं पोळी गुंडाळण्याच्या वेळात झालं.

तिथून मी स्कूटरने ताईकडे गेले. ती डब्यांच्या पोळ्या लाटत होती. मी सांगत गेले, तिचं लाटणं थांबलं नाही.

“मले वाटलंच होतं,” ती म्हणाली. “दोन साल झाले, दर शनिवारी येते, भाजी निवडून देते, अन् तोंडातून शब्द काढत नाही. त्याले म्हणा, सही म्या केली होती, कोणी हात नव्हता धरला. अन् दान मी घेणार नाही.”

“दान नाही लिहायचं ताई. काय लिहायचं ते तुम्ही सांगा.”

लाटणं थांबलं. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि डब्यांच्या वहीतलं कोरं पान मला फाडून दिलं. मी कायद्याचा एकही शब्द न वापरता लिहिलं, की वडिलांच्या घरात बहिणीचा निम्मा वाटा होता, तो भावाने रीत म्हणून ठेवून घेतला होता, आता परत करतो आहे. दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचलं.

“मोठ्या बहिणीचा, असं लिहा,” ती म्हणाली. “मग करते सही.”

मी ‘मोठ्या’ शब्द वर घातला. ताईने तव्यावर पोळी टाकली आणि विचारलं, काटोलच्या घरातली वरची खोली ऊन येणारी होती, ती अजून तशीच आहे का? मला माहीत नव्हतं. साडेआठ वाजून गेले होते. मी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि बसस्टँडकडे निघाले. दोन वर्षांत भाऊजींना घ्यायला कुणी गेलं नव्हतं.