आंजीच्या शाळेतला बर्फ

वासुदेवरावांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण हिमकणाला सहाच हात का असतात, हे ते वर्ध्याजवळच्या आंजी गावच्या पोरांना असं सांगत, की मे महिन्यातही ऐकणाऱ्याला हुडहुडी भरावी.

ते चित्रकलेचे मास्तर. दोन हजार पाच साली मुख्याध्यापक प्रभाकररावांनी त्यांना बजावलं, "चित्रकलेनं विज्ञान शिकता येते, हे तपासणीच्या साहेबाले दाखवा. नाई तं तुमचे तास गणिताले."

वासुदेवराव पेटले. शाळेत नवा कॉम्प्युटर होता. फुलाफुलांच्या अभ्र्याखाली तो नव्या नवरीसारखा बसून असे. पोरांनी पडद्यावर एक फांदी काढायची, कॉम्प्युटरनं ती फिरवून सहा करायच्या. प्रिंटर नव्हता, म्हणून पोरं पडद्याच्या काचेवरच पतंगाचा कागद धरून गिरवत. मग घडी आणि कात्री.

घडीपाशी घोडं अडे. आंजीत कागद दुमडायचा तो तान्ह्या पोळ्याच्या, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, तोरणासाठी. अर्धा, अर्ध्याचा अर्धा, पुन्हा अर्धा. पाकळ्या आठ. हिमकणाला मात्र अर्ध्याचे तिरके तीन भाग. शिपाई डोमाजी त्यातला उस्ताद.

"सर, काऊन पोराईले वाकडी घडी शिकवून राह्यले? आठाचं फूल भरगच्च दिसते."

"डोमाजी, देवानं आठाचा बर्फ केलाच नाही."

"मंग त्याले कात्री नसन जमत."

अखेर जमलं. वर्गात दोऱ्यांवर पांढरे हिमकण डोलू लागले. तपासणीच्या दिवशी लोडशेडिंग होतं, म्हणून वासुदेवराव पहाटेच वर्ध्याला बॅटरी आणायला गेले.

ते परतले ते बॅटरी मांडीवर घेऊन, पँटीला ॲसिडचं भोक पाडून. फाटकापाशी थबकले. त्यांचे हिमकण सुतळीला खळीनं चिकटवून फाटकावर तोरण बांधलं होतं. कमी पडले म्हणून मधेमधे डोमाजीची गुलाबी, हिरवी, आठ पाकळ्यांची फुलं. साहेब जीपमध्ये बसत होते.

"साहेब, हा प्रकल्प आहे..."

"तुम्हीच का चित्रकलेचे? गेट फार सुंदर सजवलंत हो!"

जीप गेली. वर्गात नुसते दोरे लोंबत होते.

"साहेब खूश!" प्रभाकरराव म्हणाले. "फाटक मोकळं दिसत होतं, म्हणून म्याच लावाले सांगतलं. आता गेट कायमचं तुमच्याकडे. तास तेवढे गणिताले देऊन टाकू."

तास गेले. कॉम्प्युटरवर पुन्हा अभ्रा चढला. पुढे पंधरा ऑगस्ट असो, गॅदरिंग असो, वासुदेवराव स्टुलावर चढून तोरण बांधत. तोरणात मात्र फुलं सहाचीच. मोजणारं कोणी नव्हतं. ज्या पोरांना ठाऊक होतं, ती दहावी होऊन पांगली.

निवृत्तीच्या वर्षी सव्वीस जानेवारीला त्यांनी कागद घेतला. अर्धा केला. अर्ध्याचा अर्धा. हात थोडा थांबला, मग पुन्हा अर्धा.

कात्री चालवून त्यांनी फूल उलगडलं. डोमाजीनं ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि खऱ्या मायेनं म्हणाला,

"आता जमलं पाहा सर तुमाले."