पाणाड्याची मोटार

पारनेर तालुक्यात कानिफतात्या पाणाडे म्हणजे मोठं प्रस्थ. विहीर कुठं खणायची, हे सांगणारा माणूस. तळहातावर आडवा नारळ ठेवून तात्या अनवाणी रान तुडवत निघायचे, आणि जिथं नारळ शेंडी वर करून ताठ उभा राहील तिथं कुदळ मारायची. पस्तीस वर्षं हा उद्योग. आता खरं सांगू का? सांगतोच, तात्या काही आता माझ्यावर रागवायला येत नाहीत. नारळ उभा राहायचा तो तात्यांच्या करंगळीच्या रेट्यानं. पाणी ते शोधायचे डोळ्यांनी. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, भर उन्हाळ्यात हरळी कुठं हिरवी राहते, सगळं जमिनीकडं बघून ताडायचे. पण नुसतं "हितं खणा" म्हटलं तर ऐकतो कोण? नारळ उठला की लोक ऐकायचे.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एक तात्यांची बायको चांगुणाबाई, आणि दुसरा लहानपणापासूनचा दोस्त रंगनाथ मिस्तरी. रंगनाथ विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि तात्यांना उसंत मिळेना. आज सुपं, उद्या टाकळी, परवा थेट पाथर्डी. आधी एस.टी., पुढं बैलगाडी, त्याच्या पुढं पाय. पण गुडघे असे धरले की एस.टी.त चढताना कंडक्टरला मागून ढकलावं लागे.

"एक जुनी मोटार घेतो," तात्या घरी म्हणाले. "ल्हानशी. पेट्रोल कमी पिनारी, वाटंत दगा न देनारी."

"घ्या की," चांगुणाबाई फणकारल्या. "साऱ्या मुलखाला पानी दावता, अन मी दीड मैलावरनं हंडा आनते. आदी दारात हीर घ्या म्हनलं तर जमत न्हाई."

"आपल्या रानात पानीच न्हाई गं. एक खूण दिसंना मला."

"मंग नारळ फिरवा की!" म्हणून ती माउली पदर तोंडाला लावून हसत सुटली. तात्यांच्या हे अगदी जिव्हारी लागायचं.

केडगावात श्रीमंत नावाच्या माणसाचा जुन्या मोटारींचा धंदा होता. नाव श्रीमंत आणि सदऱ्याला तीन ठिगळं. रंगनाथ आदल्या दिवशी गुपचूप जाऊन त्याच्याकडच्या दोन्ही गाड्या बघून आला.

"क्रीम कलरची फियाट घे, तात्या," तो म्हणाला. "जुनी हाय, पन इंजन ठणठणीत. धूर न्हाई, तेल खात न्हाई, लिटरला बारा किलोमीटर कुटं जात न्हाई. दुसरी निळी हाय, तिच्याकडं ढुंकून बगू नगंस. कंपनीचं नावसुदिक झिजून गेलंय, अन रंग तेवढा नवा मारलाय. आत काय तरी झाकलंय त्यानं."

झालं, काम फत्ते! जायचं, पैसे द्यायचे, फियाट घेऊन यायचं. पण गावाला पत्ता लागला ना! पाणाडे मोटार घेणार म्हटल्यावर वीसएक रिकामटेकडे त्याच एस.टी.त बसले. केडगावात पोचेतो त्यांचे चाळीस झाले. तात्या फियाटकडं वळले, तोच गर्दीतून कुणीतरी हाळी दिली, "तात्या, नारळ काढा की! भुईच्या पोटातलं कळतं, मोटारीच्या पोटातलं कळंना व्हय?"

झाली का पंचाईत! नाही म्हणावं, तर लोक म्हणणार, स्वतःच्या खिशाला हात घालायची वेळ आली तेव्हा याचा स्वतःच्याच नारळावर भरवसा नाही. तात्यांच्या शब्दावर त्या घटकेला तीन गावांत विहिरी चालू होत्या. चाळीस-चाळीस फूट खाली उतरून माणसं सुरुंग लावत होती. शब्द पडला तर ती कुदळ खाली ठेवणार आणि पस्तीस वर्षांचं नाव मातीत जाणार.

"बरं, काढतो," तात्या म्हणाले. त्यात अवघड काय होतं? निळीला दाखवण्यापुरती एक फेरी घालायची, मग फियाटपाशी करंगळी हलवायची.

जन्मभर जमिनीकडं बघून चाललेला हा माणूस त्या दिवशी लोकांकडं बघत चालला. निळीच्या मागून आले, दारावरून पुढं आले, बॉनेटपाशी पोचले, आणि नारळ उभा राहिला.

करंगळी हलली नव्हती हो! तात्यांनी घाबरून नारळ आडवा केला. तो परत उभा. अंगठ्यानं दाबून धरला, तर गर्रकन फिरून पुन्हा शेंडी वर. पस्तीस वर्षांत एकदाही आपणहून न हललेला नारळ, आणि आज चाळीस माणसांदेखत नको त्या गाडीपुढं ताठ!

"उटला, उटला!" लोक ओरडले. एका म्हाताऱ्यानं निळीच्या टायरला हात लावून नमस्कार केला. रंगनाथनं कपाळ बडवून घेतलं. श्रीमंतला काय, त्यानं लगोलग हार मागवला.

तात्यांनी एकवार फियाटकडं पाहिलं. मग म्हणाले, "हीच घेतो."

परत येताना रंगनाथ गाडी चालवत होता, तात्या शेजारी, मांडीवर नारळ. कामरगावचा घाट चढता चढता बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि निळी बसली. रंगनाथ शिव्या देत खाली शिरला.

"रेडिएटर फुटलाय! पान्याची धार लागलीया. सकाळी त्या श्रीमंतानं घागरभर वतलं असंल, ते तितंच ठिबकत हुतं बग." बोलता बोलता तो गाडीखालून बाहेर आला. "तात्या, नारळ कुटं उभा राह्यला?"

"बॉनेटपाशी. तू हुतास की."

"मंग चुकलं काय त्याचं? नारळ पानी दावतो, अन पानी तितंच हुतं! मोटार चांगली हाय का, हे त्याला कुनी इचारलंय?"

तात्या मैलाच्या दगडावर बसले आणि पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पस्तीस वर्षं ज्याला लबाडीनं उभा केला तो खरा होता, आणि आपण त्याला एकदाही आपणहून उठू दिलं नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

रंगनाथनं फुटक्या जागी साबण चोळला. वाटेत प्रत्येक गावात थांबून पाणी मागत, कशीबशी गाडी घरी आणली. "हीर कुटं घेऊ, तात्या?" असं विचारायला माणसं धावत यायची आणि तात्या म्हणायचे, "सांगतो, पन आदी हंडाभर पानी आना."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथनं साबण टिकला का ते बघायला चांगुणाबाईंचा भरलेला हंडा न विचारता रेडिएटरमध्ये ओतला. तिकडं तात्या करंगळी मुडपून, मोकळ्या हातावर नारळ ठेवून आपल्या सात एकरांत उतरले. रिकामा हंडा कमरेवर घेऊन चांगुणाबाई मागं मागं. आज त्या हसत नव्हत्या. आज त्यांनाही वाटत होतं, लागेल. माळ झाला, बांध झाला, ओढ्याची कड झाली. नारळ काही हलला नाही. दोघं घामाघूम होऊन अंगणात आली.

आणि नारळ टुणकन उभा राहिला.

पुढ्यात निळी मोटार होती. खाली माती ओली झाली होती.

चांगुणाबाईंनी मोटारीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "लागलं बाई एकदाचं दारात पानी," त्या म्हणाल्या, आणि कमरेवरचा हंडा बॉनेटखाली सरकवला.