मागच्या पंगतीचं वरण

कळंबच्या बाजारादिवशी नवरा माझ्या हातावर पाचशेची नोट ठेवतो, जणू गावजेवण घालतोय. त्यात पाच माणसांचा आठवडा काढायचा: सासू, नवरा, पोरगा, धाकटी पोरगी आणि मी. मी तो काढते. कुणापुढं रडत न्हाय.

बाजाराला मी दिवस कलल्यावरच जाते. सकाळचे शहाणे चकचकीत भेंडी घेऊन भाव सांगत मिरवतात. संध्याकाळी बाया पालं आवरायला लागल्या की तीच भेंडी निम्म्यात मिळते. ज्वारी, तूर घरची. तांदुळजा, पाथरीची भाजी बांधावर फुकट. आमच्या पुण्याच्या जाऊबाई पूर्वी भाकरी बघून नाक मुरडायच्या. आता त्यांच्या डॉक्टरनं सांगितलं म्हणून तीच ज्वारी पाकिटातून विकत आणतात आणि फोनवर मला तिचे गुण सांगतात. मला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय त्यांचं?

गेल्या वर्षी बारावीतली पोरगी कॉलेजात भोवळ येऊन पडली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, रक्त लई कमी झालंय, अजून उतरलं तर बाहेरून चढवावं लागेल. वर मलाच विचारतात, घरी काय खाते? मला राग आला. डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं धडाधडा सांगितलं.

"तुम्ही थांबा," त्या म्हणल्या आणि पोरीकडं वळल्या.

"मी न् आई मागून बसतो," पोरगी म्हणाली. "तवर भाजी संपती. वरणात पाणी घालून आई पुरवती."

तिनं तक्रार केली नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. पाचशेत घर भागवते म्हणून मी भावकीत मिरवत होते, आणि ते भागत होतं पोरीच्या ताटातून. जाऊबाईला हसायचं माझं तोंड तिथंच काळं झालं.

बाहेर आल्यावर, तिथं थांबलेल्या नवऱ्याला मेडिकलमध्ये ताकदीच्या पावडरीचा डबा दिसला. आठवड्याच्या बाजाराएवढी किंमत. "घेऊन टाकू," म्हणाला. डबा घेतला की बाप मोकळा. मी डॉक्टरीणबाईंनी लिहिलेल्या गोळ्या तेवढ्या घेतल्या आणि चालू लागले.

त्या संध्याकाळी पहिलं ताट पोरीला वाढलं. दाट वरण, वाटीभर तांदुळजा.

"बापाच्या आधी पोरगी?" सासू म्हणाली. "लई नवल ऐकलं."

"बघा आता, आत्याबाई. तुम्हीबी बसा तिच्यासंगं," मी म्हणलं. बापलेक भिंतीला टेकून बघत राहिले. राहू द्या.

पोरीनं दोन घास खाल्ले, बापाकडं पाहिलं आणि ताट सारलं. "मला भूक न्हाय."

हे माझंच बोलणं. पातेलं रिकामं दिसलं की मी रोज हेच म्हणत आलेय, आणि पोरगी समोर बसून ते शिकत होती. मग मी माझं ताट वाढून घेतलं, भाजी भरपूर घेतली आणि तिच्याशेजारी बसून खाऊ लागले. तेव्हा कुठं तिनं ताट परत ओढलं.

आमचं झाल्यावर उरलेल्या वरणात तांब्याभर पाणी घालून मी बापलेकांना वाढलं.

नवऱ्यानं भुरका मारला. "वरण लई पातळ केलंय आज."

"रोजच असतंय," मी म्हणलं. "तुमच्या ताटात आज आलं."

त्यांनी मान खाली घालून ते संपवलं. डब्याचं नाव पुन्हा काढलं न्हाय.