मामांचा रविवारचा तास

न मागितलेलं गाणं समोरच्याला बळेच ऐकवून वर त्याच्याकडूनच चहा उकळणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, माझे मामेसासरे. दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. पण शहरात खासगी एफएम आलं आणि रविवार सकाळचा एक तास कुणालाच नको होता, तो मामांनी मागून घेतला. त्या तासात काय लागेल हे देवालाही ठाऊक नसे. धनगरी ओवी संपते न संपते तोच आफ्रिकेतले ढोल, त्यांच्यामागून कन्नड वचन, आणि मग इचलकरंजीच्या कुठल्याशा गॅरेजात वाजवणाऱ्या कॉलेजकुमारांचा कानठळ्या बसवणारा बँड! एकानं फोन करून सिनेमातलं गाणं मागितलं, तर मामा चालू कार्यक्रमातच म्हणाले, "पावणं, ते पानपट्टीवर दिवसभर वाजतंय की! तिकडं जावा, पानबी खावा."

भातलावणीची गाणी हवीत म्हणून ऐन आषाढात ते मला गगनबावड्याला घेऊन गेले. छत्री रेकॉर्डरवर, आणि आम्ही दोघं पावसात. चिखलातल्या बायका लाजून गायला तयार होईनात. तेव्हा मामांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, वाफ्यात उतरले आणि आपल्या भसाड्या आवाजात स्वतःच सुरुवात केली. एक म्हातारी कळवळून ओरडली, "आरं थांब बाबा, आमीच म्हणतो!" रविवारी त्यांनी ते गाणं लावलं, म्हातारीच्या ओरडण्यासकट. "गावभर अब्रू घालवली," असं म्हणत मामींनी रेडिओचा आवाज वाढवला.

पुढे एफएम केंद्राचे मालक बदलले. नवे साहेब म्हणाले, चालू सिनेमांची गाणी लावा, नाहीतर तास सोडा. मामांनी तास सोडला. शेवटच्या रविवारी भाषणबिषण काही नाही. "ऐकून घेतलासा, उपकार झालं," एवढं बोलून त्यांनी एक बासरी लावून दिली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी समजूत घालायला गेलो. मामा गच्चीच्या कठड्याला टेकून उभे होते. शेजारची नवी सून पेटी शिकत होती. एकाच सुरापाशी अडखळायची, मागे यायची, पुन्हा निघायची. मी तोंड उघडणार तोच मामांनी हात वर केला. "जावई, जरा गप ऱ्हावा."

बऱ्याच वेळानं तिला तो सूर सापडला. मामा खुशीत हसले. मग माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, "एकट्यानं ऐकायचं जिवावर येतंय ओ."